लिफाफ्यांतील नांव

१९१५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांतली गोष्ट. लंडनमधील एक सव्वीस वर्षांचा तरुण सैन्यभरतीच्या कचेरींत वैद्यकीय तपासणीसाठीं गेला. साउथ केन्सिंग्टनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्यें कीटकांच्या खात्यांत तो नोकरीस होता. लग्न होऊन पुरते तीन महिनेहि झाले नव्हते. त्याच्या खिशांत त्याच्या डॉक्टरानें दिलेलें एक मोहोरबंद पत्र होतें. पत्र त्याच्याविषयींचें होतें, पण त्यानें वाचावें म्हणून दिलेलें नव्हतें. तें लष्करी डॉक्टराच्या हातीं द्यावयाचें होतें. तशी वेळच आली नाहीं. ओझरती तपासणी करून लष्करी डॉक्टरानें त्याला सैन्यास नालायक ठरविलें, आणि घरीं परततांना वाटेंत त्या तरुणानें तो लिफाफा फोडला. आंत त्याच्या दुखण्याचें नांव होतें. आपल्याला दुखणें आहे हें त्याला ठाऊक होतें. नवें होतें तें नांव, आणि त्या नांवाबरोबर येणारा थोड्याच वर्षांच्या आयुष्याचा हिशेब.

हा तरुण म्हणजे ब्रूस फ्रेडरिक कमिंग्ज. डब्ल्यू. एन्. पी. बार्बेलियन या टोपणनांवानें त्याची रोजनिशी १९१९ सालीं ‘द जर्नल ऑफ ए डिसॅपॉइंटेड मॅन’ या मथळ्याखालीं प्रसिद्ध झाली. तिला एच्. जी. वेल्स यांनीं प्रस्तावना लिहिली, आणि हें सगळें वेल्स यांचेंच कारस्थान असावें असा संशय कांहीं वाचकांस आला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, तिशी गांठून, कमिंग्ज वारला. रोगाचें नांव होतें मल्टिपल स्क्लेरोसिस.

या हकीकतींत मला लिफाफा फोडण्याच्या प्रसंगापेक्षां पुढचा भाग अधिक विचार करण्याजोगा वाटतो. जें वाचलें तें त्यानें आपल्या पत्नीस सांगितलें नाहीं. बिचारीला धक्का बसेल म्हणून मनांतच ठेवलें. पुढें कांहीं काळानें त्याला कळून आलें कीं, तिला तें लग्नापूर्वींच डॉक्टरांकडून कळलें होतें, आणि कळूनहि तिनें त्याच्याशीं लग्न केलें होतें. म्हणजे एका छपराखालीं दोन माणसें एकच गोष्ट एकमेकांपासून लपवीत होतीं, आणि दोघांचाहि हेतु एकच होता. त्यांतहि पाहण्यासारखें हें कीं, डॉक्टरांनीं वधूला निवड करण्याची संधि दिली. वराला मात्र, ज्याच्या शरीरांत तो रोग होता त्याला, ती दिली नाहीं. (आणि मनुष्यस्वभावाचा विनोद असा कीं, लपवालपवीनें ज्याचें मन एवढें पोळलें त्यानेंच आपल्या पुस्तकाच्या अखेरीस लेखक वारल्याची खोटी टीप छापविली, पुस्तक बाहेर पडलें तेव्हां तो जिवंत होता.)

रोग्याला त्याच्या रोगाचें नांव सांगावें कीं न सांगावें हा प्रश्न जुना आहे. परंतु या विशिष्ट रोगांत तो ज्या स्वरूपांत उभा राहतो तसा क्षय किंवा कर्करोग यांत राहत नाहीं, आणि तो तसा कां राहतो हें समजण्यासाठीं रोगाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

आपल्या मेंदूंतील व मज्जारज्जूंतील तंतूंवर मायलिन नांवाच्या स्निग्ध द्रव्याचें वेष्टन असतें. विजेच्या तारेवर रबराचें असतें तसें. या रोगांत शरीराचें रक्षण करणाऱ्या पेशीच वाट चुकून त्या वेष्टनावर तुटून पडतात. दाह होतो, वेष्टन झडतें, आणि त्या जागीं वण राहतो. असे वण ठिकठिकाणीं विखुरलेले असतात. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयांत शार्को या वैद्यानें १८६८ सालीं या दुखण्याला स्वतंत्र रोग म्हणून ओळख व नांव दिलें. रोग बहुधा वीस ते चाळीस या वयांत उद्भवतो आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांना अधिक होतो. म्हणजे शिक्षण संपत आलेलें, लग्न ठरत असलेलें, घर नुकतें उभें राहत असलेलें, अशा वेळीं तो दार ठोठावतो.

आणि पुष्कळदां तो दार ठोठावतो तें डोळ्याचें. सुमारें पांचांतील एका रोग्यास पहिलें लक्षण होतें तें नेत्रतंतूच्या दाहाचें, ज्याला डॉक्टर ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात. डोळा हलविला कीं आंत खोल दुखतें. एकदोन दिवसांत त्या डोळ्यापुढें धुकें उतरतें. रंग विटतात, आणि सर्वांत आधीं तांबडा. चांगल्या डोळ्यानें पाहिलेलें कुंकू दुखऱ्या डोळ्याला धुवून वाळत घातलेल्या चिंधीसारखें दिसतें. १८५१ सालीं हेल्महोल्ट्झनें डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र प्रसिद्ध केलें. पण या दुखण्यांत तें यंत्र बहुतेक वेळां मूक राहतें, कारण तिघांपैकीं दोघांत दाह बुबुळाच्या फार मागें असतो आणि डोळ्याचा पडदा निरोगी दिसतो. रोग्याला दिसत नाहीं आणि डॉक्टरलाहि कांहीं दिसत नाहीं, अशी वैद्यांत या दुखण्याची जुनी थट्टा आहे. मग दोनतीन आठवड्यांत धुकें आपोआप विरूं लागतें. बहुतेकांची दृष्टि जवळजवळ पूर्ववत् होते. मागें राहतें एखादें बारीकसें चिन्ह: कढत पाण्यानें स्नान केलें, किंवा जिना भराभर चढला, कीं तो डोळा घटकाभर मंदावतो. जर्मन नेत्रवैद्य ऊटहोफ यानें हें १८९० सालीं नोंदून ठेवलें.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस द’एस्ते याच्या रोजनिशींत हा सारा क्रम वाचावयास मिळतो. १८२२ च्या डिसेंबरांत तो स्कॉटलंडांत एका आप्ताला भेटावयास गेला. तेथें पोंचला तों आप्त वारलेला. अंत्यविधीनंतर थोड्याच दिवसांत त्याचे डोळे इतके अधू झाले कीं आलेलीं पत्रें दुसऱ्याकडून वाचून घ्यावीं लागलीं. पुढें कांहींहि उपचार न करितां ते बरे झाले. पांच वर्षांनीं इटलींत फ्लॉरेन्स येथें त्याला एकाच्या दोन वस्तू दिसूं लागल्या व पाय लुळे पडले. १८४८ सालीं तो वारला. शार्कोनें नांव देण्यास अजून वीस वर्षें होतीं. द’एस्तेच्या वैद्यांनीं त्याच्यापासून कांहीं लपविलें नाहीं, कारण त्यांच्यापाशीं लपविण्यासारखें कांहीं नव्हतें.

आज डॉक्टरांपाशीं असते ती एक संख्या. अमेरिकेंत १९८८ पासून पंधरा केंद्रांत ४५७ रोग्यांवर या नेत्रदाहाचा मोठा अभ्यास झाला आणि पुढें पंधरा वर्षें त्यांचा माग ठेवला गेला. पंधरा वर्षांच्या अखेरीस शेंकडा ५० जणांस मल्टिपल स्क्लेरोसिस जडलेला आढळला. पण सर्वांना एकाच मापानें मोजतां येत नाहीं. ज्यांच्या मेंदूच्या एम्. आर्. आय्. चित्रांत प्रारंभीं एकहि डाग नव्हता त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा २५ होतें, आणि ज्यांच्या चित्रांत एक किंवा अधिक डाग होते त्यांच्यांत ७२. डोळा बरा होऊन घरीं निघालेल्या तरुणीला डॉक्टर काय सांगणार? तुझा डोळा बरा झाला, हें सत्य आहे. तुला पुढें एक आजार होईल, हें सत्य नाहीं. होणार नाहीं, हेंहि सत्य नाहीं. येथें लपविली जाते ती घडलेली गोष्ट नव्हे, तर एक शक्यता. आणि शक्यता लपविणें म्हणजे खोटें बोलणें नव्हे, असें मनाला पटविणें फार सोपें जातें.

हें मी पुस्तकी सांगत नाहीं. माझ्या एका स्नेह्याच्या मुलीला तेविसाव्या वर्षीं डाव्या डोळ्याला असेंच झालें. शिरेंतून औषध दिलें, महिन्याभरांत ती पूर्वीसारखी वाचूं लागली. डॉक्टरांनीं वडिलांना एकट्यांना आंत बोलावून चित्रांतील दोन डाग दाखविले, रोगाचें नांव घेतलें, व सहा महिन्यांनीं पुन्हां तपासूं, असें सांगितलें. त्या रात्रीं ते माझ्याकडे आले. “प्रोफेसरसाहेब, तुम्ही नीतिशास्त्र शिकवितां. मला एवढेंच सांगा, तिला सांगूं कीं नको? स्थळें पाहणें चालू आहे.”

नीतिशास्त्र शिकविणाऱ्यानें अशा वेळीं काय करावें? मीं पुस्तकें आठवलीं. सत्याच्या बाबतींत कसलाच अपवाद न मानणारा कांट मला त्या रात्रीं निर्दय वाटला, आणि सिज्विक जवळचा वाटला. सिज्विकनें १८७४ सालच्या आपल्या ग्रंथांत असें नमूद केलें आहे कीं, सत्य ऐकून रोग्याच्या जिवाला धक्का बसण्याचें भय असेल तर त्याच्याशीं खोटें बोलण्यास बहुतेक लोक कचरणार नाहींत. हा मुद्दा मराठी वाचकांस नवा नाहीं. लोकमान्यांनीं ‘गीतारहस्या’च्या कर्मजिज्ञासा प्रकरणांत तो घेतला आहे, ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झालें तेंहि, योगायोगानें, १९१५ सालींच. मीं माझ्या स्नेह्यांना हें सारें सांगितलें आणि म्हटलें, “सध्यां नको. काय होतें तें पाहूं.” त्यांचा चेहरा उजळला. त्यांना सल्ला नको होता, अनुज्ञा हवी होती. ती मीं ग्रंथांच्या आधारासह दिली.

आतां विचार करितां माझी चूक कोठें झाली तें मला दिसतें. सिज्विकचा रोगी अंथरुणावर पडलेला आहे. धोका घटकेचा आहे, खोटें बोलणेंहि घटकेपुरतें आहे; रोगी सावरला कीं सांगतां येतें. हा अपवाद संकटसमयींचा आहे. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिस हा घटकेचा आजार नव्हे, तो दशकांचा सोबती आहे. ज्या मुलीला मीं त्या अपवादांत बसविलें ती अंथरुणावर नव्हती. ती दुसऱ्या दिवशीं कामावर गेली. एका रात्रीसाठीं दिलेली सवलत मीं वीस वर्षांना लावली. औषध एक थेंब चालतें म्हणून पिंपभर चालेल, असें कोणी म्हणणार नाहीं.

दुसरी गोष्ट मला आमच्याच शास्त्रांत सांपडली असती, पण त्या रात्रीं ती मीं आठवली नाहीं. सत्य बोलल्यानें कोणाचा प्राण जाणार असेल तेथें साक्षीदारानें खोटें बोलावें, अशी मुभा मनुस्मृति देते हें पुष्कळांना माहीत असतें. त्याच्या पुढच्याच श्लोकांत, असें खोटें बोलणाऱ्यानें सरस्वतीला चरु अर्पून प्रायश्चित्त घ्यावें असें सांगितलें आहे, हें फारसें कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. चरूचें आज कोणाला कांहीं वाटणार नाहीं. पण त्या विधानामागची दृष्टि मला पाश्चात्त्य उपयुक्ततावाद्यांपेक्षां सूक्ष्म वाटते. परवानगी मिळाली तरी कर्ज उरतें, असा तिचा अर्थ आहे. वाणीचा दुरुपयोग झाला आहे आणि तो कोणीतरी भरून दिला पाहिजे. आम्ही घरांत, दवाखान्यांत जें प्रेमानें लपवितों त्याची परतफेड कोण करतो, कधीं करतो? बहुधा कोणीच करीत नाहीं.

सहा महिन्यांनीं करावयाची तपासणी झाली नाहीं. ती करावी तर कारण सांगावें लागलें असतें. दीड वर्षानें तिचा उजवा पाय कमरेपासून बधिर झाला. मग सगळेंच उघड झालें आणि उपचार सुरू झाले. पुढें एकदां ती माझ्याकडे पुस्तकें परत करावयास आली असतां मीं धीर करून म्हटलें, “तुझ्या बाबांना न सांगण्याचा सल्ला मीं दिला होता.” ती म्हणाली, “ठाऊक आहे, काका. रिपोर्ट मीं त्याच रात्रीं बाबांच्या कपाटांतून काढून वाचला होता. शब्द कळले नाहींत ते फोनवर शोधले.” मीं विचारलें, मग बोलली कां नाहींस? तर म्हणाली, “बाबा इतकें जपत होते, त्यांचें जपणें मोडावेंसें वाटलें नाहीं.” आणि थोडें थांबून, “तुम्ही खोटें बोललांत याचा मला राग नाहीं. पण दीड वर्ष मला कोणाला कांहीं विचारतां आलें नाहीं.”

कमिंग्जच्या घरांतली गोष्ट शंभर वर्षांनीं आमच्या गल्लींत घडली होती. आणि तिच्या त्या शेवटच्या वाक्यांत जें होतें तें मला सिज्विकनें शिकविलें नव्हतें. लपविण्यानें ज्ञान हिरावलें जात नाहीं. आजच्या काळांत तर मुळींच नाहीं. हिरावली जाते ती सोबत. नांव तिला ठाऊक होतेंच. तें मोठ्यानें उच्चारावयास दुसरें माणूस नव्हतें. कुंकू पुन्हां तांबडें दिसतें कीं नाहीं हें ती रोज सकाळीं आरशापुढें एक डोळा झांकून पाहत असे, असें तिनें मला सांगितलें. शेजारच्या खोलींत तिचे वडील स्थळांच्या पत्रिका जुळवीत बसलेले असत.

आतां असें म्हणतां येईल कीं, हा प्रश्न वैद्यकानेंच सोडविला आहे. १९९३ पूर्वीं या रोगाचा ओघ वळविणारें मान्यताप्राप्त औषध नव्हतें; त्या वर्षीं अमेरिकेंत इंटरफेरॉनला मान्यता मिळाली, आणि तेव्हांपासून औषधांची संख्या व ताकद वाढतच आहे. पहिल्याच झटक्यानंतर तें सुरू केलें तर दुसरा झटका लांबतो. शिवाय नांव नेमकें कळणें हेंहि आतां उपचाराचा भाग झालें आहे. नेत्रदाहच करणारा एक निराळा रोग आहे, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. त्याची ओळख पटविणारें रक्तांतील प्रतिद्रव्य २००४ सालीं सांपडलें, आणि पहिल्या रोगाचीं कांहीं औषधें या दुसऱ्या रोगांत उलट अपाय करतात. तेव्हां सांगा, कारण सांगण्यानें लाभ आहे. माझ्या स्नेह्यांच्या मुलीचें दीड वर्ष फुकट गेलें तें याच अर्थानें गेलें, हें मी नाकारीत नाहीं.

पण हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. औषध आहे म्हणून सांगावयाचें, तर औषध नव्हतें तेव्हां न सांगणें योग्य होतें असें मानावें लागेल. आणि मग कमिंग्जच्या खिशांतला लिफाफा निर्दोष ठरेल. तो मला निर्दोष वाटत नाहीं. त्याला औषध मिळणार नव्हतें, पण राहिलेलीं चार वर्षें त्याचीं होतीं. लग्न करावें कीं नाहीं, मूल होऊं द्यावें कीं नाहीं, रोजनिशी छापावी कीं कीटकांवर आणखी एक प्रबंध लिहावा, हे हिशेब त्यानें करावयाचे होते. जमाखर्चाची वही दुसऱ्यानें ठेवावी आणि मालकानें अंदाजानें खर्च करावा, असा तो प्रकार झाला.

ज्यांना जाणून घ्यावयाचें नसतें अशीं माणसें असतात, हें मला मान्य आहे. शेंकडा ७२ हा आकडा ज्याच्या हातीं ठेवावा त्याला उरलेले २८ दिसेनासे होतात, हेंहि खरें. म्हणून कोणी डॉक्टर संख्या फेंकून मोकळा होत असेल तर तो सत्य सांगतो असें मी म्हणणार नाहीं. तो फक्त आपलें ओझें उतरवितो. पण रोग्याला जाणावयाचें आहे कीं नाहीं हें रोग्यालाच विचारतां येतें, आणि आमच्याकडे चूक होते ती नेमकी तेथें. आम्ही मुलीला विचारीत नाहीं. विचारतों वडिलांना, मामांना, शेजारच्या प्रोफेसरला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें या रोगाचें नांव आपल्या एकवीस प्रकारांच्या यादींत स्पष्ट घातलें आहे. सरकारी राजपत्रांत जें छापून आलें तें आमच्या दिवाणखान्यांत अजून कुजबुजूनच बोलावें लागतें, आणि ही कुजबुज ज्या मुलीची काळजी म्हणून चालते तिच्यापेक्षां ती स्थळांच्या भीतीनें अधिक चालते. तिचें पुढें लग्न झालें कीं नाहीं, अशी उत्सुकता एखाद्या वाचकास असेल. ती पुरविण्याचा माझा विचार नाहीं.

त्या दिवशीं पुस्तकें ठेवून निघतांना ती दारांत थांबली. म्हणाली, “मला आधींच ठाऊक होतें हें बाबांना सांगूं नका हं, काका. आपण उगीच लपवलें असें त्यांना वाटेल.” मीं तिला वचन दिलें. त्या वेळीं मला त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं; घरीं येऊन दिवा लावल्यावर दिसलें. पुढें तिचे वडील संध्याकाळीं फिरावयास माझ्याबरोबर असत, आणि त्या दीड वर्षाविषयीं बोलतांना नेहमीं म्हणत, “निदान तेवढे दिवस तरी पोर निश्चिंत होती.” मी कांहीं बोलत नसें. गेल्या वर्षीं ते वारले. हें सर्व लिहिण्यास तिची अनुमति आहे.